एका सुईच्या आठ सुया

समोरच्या मोकळ्या जागेवर सात मजली इमारत उभी राहिली आणि रफूगराच्या टेबलावरचा उजेड गेला. आधी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत खिडकीतून भरपूर प्रकाश यायचा. आता अकराच्या सुमारास सूर्य दोन गच्च्यांच्या फटीत यायचा आणि एकला निघून जायचा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने दोन तासांत काय काय उरकायचं?

त्याचं काम डोळ्यांचं होतं. कापडाला पडलेलं भोक त्याच कापडाच्या धाग्यांनी विणून बुजवायचं. आतल्या शिवणीतून धागे काढायचे, ते एक वर, एक खाली असे ओवत न्यायचे. काम चांगलं झालं की गिऱ्हाईक कोटावरून बोट फिरवत विचारायचं, "होतं कुठे हो भोक?" रफूगराला तेवढीच शाबासकी पुरायची. पण आता त्याच्याच बोटाला भोक सापडेना. बाजारातले दोन टेबललॅम्प आणून झाले. एकाची सावली नेमकी सुईवर पडायची, दुसऱ्याच्या उजेडात निळा आणि काळा धागा एकच वाटायचा.

"मी करते तुमच्यासाठी दिवा," सून म्हणाली.

सून वेल्डिंग मशीन आणि बॅटरी चार्जर दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये कामाला होती. तिथे तिला सगळे 'मीटर' म्हणायचे. कुणी सांगितलं की मशीन फार तापतंय, तर ही पहिल्यांदा विचारणार, "फार म्हणजे किती?" मीटर लावल्याशिवाय तिने आजवर कशावर विश्वास ठेवला नव्हता आणि त्यामुळे तिचं अडलंही नव्हतं.

तिने दहा-दहा वॅटचे चार एलईडी आणले. नखाएवढे पिवळे चौकोन, पण पेटले की बघवणार नाही इतके प्रखर. पहिल्या खेपेला तिने घाई केली आणि दोन-दोनच्या दोन जोड्या शेजारी शेजारी जोडल्या. एका जोडीने आपल्या वाट्यापेक्षा जास्त करंट ओढला आणि तासाभरात त्यातला एक एलईडी जळाला. जळक्या प्लॅस्टिकचा वास घरभर पसरला.

"भाजी लागली का गं?" रफूगराने आतून विचारलं.

"भाजी नाही बाबा, मी लागले," ती म्हणाली आणि नवा एलईडी आणायला गेली.

मग तिने चारही एकामागे एक जोडले, म्हणजे सगळ्यांतून तेवढाच करंट जाणार, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. एलईडींखालची धातूची पातळ पट्टी तव्यासारखी तापायला लागली तेव्हा ती काढून जुन्या ॲम्प्लिफायरमधला पन्हळीदार ॲल्युमिनियमचा ठोकळा लावला. त्याला हात लावला तर कोमट चहाच्या कपाइतकाच गरम लागायचा. दिवा टेबलावर वाकेल अशी दांडी केली आणि शेवटी एक बटण बसवलं, उजेड कमी-जास्त करायचं. कारण काळ्या लोकरीवर सगळा उजेड लागायचा, पण पांढऱ्या रेशमावर तेवढाच उजेड पडला की सगळं चकाकून धागे दिसेनासे व्हायचे.

पहिल्या दिवशी रफूगराने दिव्याखाली स्वतःचा हात धरला, उलटसुलट करून पाहिला. "अरे, किती म्हातारा झालोय मी," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने संध्याकाळी सातपर्यंत काम केलं.

दोन आठवडे छान गेले. मग एकदा जेवताना तो म्हणाला, "सूनबाई, हा दिवा जरासा थरथरतो का गं?"

तिने ताट तसंच ठेवलं, हात धुतला आणि मीटर घेऊन आली. दिवा लावला, बटण खाली केलं, वर केलं, प्रत्येक वेळी आकडा त्याला दाखवला. "हे बघा बाबा. कमी केलं की कमी, पण आहे तिथे स्थिर. एक पॉइंटही हलत नाही."

त्याने चष्मा वर करून आकडा नीट वाचला. "बरं," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. डोकं मात्र दुखायला लागलं. कधी दुपारी जेवण जायचं नाही, कधी बोलता बोलता कपाळ दाबत बसायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तर नंबर होता तेवढाच. "वय झालं," तो म्हणायचा, आणि असं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तिचा नवरा बेकरीत कामाला होता. पहाटे जायचा, दुपारी घरी यायचा. एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता तो म्हणाला, "तुला एक सांगू? रागवू नकोस."

"सांग."

"बाबा तुझा दिवा लावत नाहीत. मी येतो तेव्हा खिडकीशी खुर्ची ओढून बसलेले असतात, कापड पार काचेला टेकवून. जिन्यात तुझी पावलं वाजली की टेबलाशी येतात आणि दिवा लावतात."

तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं. आधी तिला रागच आला. एवढं रात्रंदिवस डोकं चालवून केलेला दिवा, आणि हे आपल्यासमोर नाटक! "मग सांगायचं ना सरळ! मी काय त्यांना खाल्लं असतं?"

"सांगितलं होतं म्हणे," नवरा म्हणाला. "तू मीटर दाखवलास."

उरलेली भांडी तिने एकटीने पुसली. रफूगर आत दिव्याखाली बसला होता, पांढरं कापड मांडीवर, सुई बोटांत, आणि तिला आता स्पष्ट दिसलं की सुई हलतच नाहीये. ती झोपायला जाईपर्यंत तो नुसता बसून राहणार होता. चार पावलांवर तिचं स्वयंपाकघर होतं आणि इतके दिवस तिने मान वळवून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. सकाळी ती स्टूल घेऊन त्याच्या टेबलाशी बसली. मीटर आणला नव्हता.

"बाबा, दिवा थरथरतो म्हणाला होतात. मला दाखवा."

"अगं नाही गं, ते असंच."

"दाखवा ना. मला दिसत नाहीये, म्हणून विचारतेय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग दिवा लावला, बटण बरंच खाली आणलं आणि एका रेशमी सदऱ्याच्या बाहीतून लांब दोरा ओढला. रफूगर दोरा ओढतो तेव्हा हात एका झटक्यात खांद्याच्या पलीकडे जातो. पन्नास वर्षांची सवय. "सुईकडे बघ हं, कापडाकडे नको," तो म्हणाला आणि हात उचलला.

तिने पाहिलं. हवेत एक सुई गेली नाही. आठ गेल्या. एकामागे एक, मधे मधे काळोख, घडीचा पंखा उघडावा तशा. शेवटच्या सुईपाशी त्याचा हात थांबला होता.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा केलं. पुन्हा आठ, की नऊ.

"काळ्या कोटाला दिवा पूर्ण असतो तेव्हा सुई एकच," तो समजावून सांगू लागला. "पांढऱ्याला कमी केला की हा असा घोळका. आता यातल्या कुठल्या सुईने ओवायचं, तू सांग."

तिला हसू आलं. दिवा असं का करतो हे तिला माहीत होतं. तिनेच तसं सर्किट निवडलं होतं, स्वस्त, सोपं आणि बिनतक्रारी म्हणून. ते उजेड कमी करतच नाही. दिवा एका सेकंदात दोनशे वेळा बंद करतं आणि दोनशे वेळा लावतं. बंद जास्त वेळ ठेवलं की उजेड कमी वाटतो, एवढंच. माणसाच्या डोळ्याला ते कळत नाही असं ती शिकली होती, आणि तिच्या मीटरलाही कळत नव्हतं, कारण तो सगळ्याची सरासरी काढून एक शांत आकडा दाखवायचा.

तिने हे सगळं त्याला सांगितलं. तो मन लावून ऐकत होता.

"म्हणजे महिनाभर हा दिवा माझ्याकडे बघून डोळे मिचकावतोय?"

"हो बाबा."

"या वयात!" तो म्हणाला, आणि दोघंही मोकळेपणी हसले.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "चुकलं माझं. तुम्ही सांगितलंत तेव्हाच ऐकायला हवं होतं."

रफूगर सुईत दोरा ओवत होता. "तू निदान उठून मोजलंस," तो म्हणाला. "आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला मी सांगतो, अहो, इथे दुसरा धागा विरतोय, महिन्याने हेही फाटेल. ते नुसते हसतात. त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला काम हवंय." मग तो म्हणाला, "मीही पुन्हा सांगायला हवं होतं. लाज वाटली. एवढी शिकलेली पोर आकडा दाखवतेय, आणि मी काय दाखवणार?"

"सुई," ती म्हणाली.

तो दिवा तिने त्याच दिवशी उघडला. उजेडाचे तुकडे पाडणारं सर्किट काढलं आणि करंटच हळूहळू कमी करता येईल असं नवं सर्किट बसवायला घेतलं, म्हणजे पाणी चालू-बंद न करता नळच थोडा पिळायचा. बोलायला सोपं होतं, पण जमायला तीन संध्याकाळी गेल्या. बटण फार खाली नेलं की दिवा मंद व्हायच्याऐवजी एकदम विझायचा. शेवटी तिने त्याला अमुक एका जागेखाली जाऊच दिलं नाही. एक तार उलटी लागली तेव्हा काहीच पेटलं नाही आणि तिने अर्धा तास दोष भलत्याच ठिकाणी शोधला. या तिन्ही संध्याकाळी रफूगर शेजारी बसून होता. प्रत्येक बदलानंतर ती दिवा लावायची आणि तो दोरा ओढायचा.

पहिल्या संध्याकाळी तीन सुया होत्या. दुसऱ्या दिवशी एक सुई आणि मागे धूसर शेपूट. "शेपूट आहे अजून," तो म्हणायचा, आणि ती वाद न घालता स्क्रू काढायची. वर्कशॉपमधून तिला मोठं यंत्र घरी आणता आलं असतं, ज्याच्या पडद्यावर असली थरथर लाटेसारखी दिसते. तिला त्याची गरज वाटली नाही. तिसऱ्या संध्याकाळी त्याने चार वेळा हात उचलला, चारही वेळा हवेतून एकच सुई सलग गेली. पाचव्यांदा त्याने हात उचललाच नाही. सदरा ओढून घेतला आणि कामाला लागला. ती अजून स्टुलावर बसली आहे हे तो विसरूनही गेला.

डोकेदुखी आठवड्याभरात गेली. मंद केल्यावर उजेड किंचित पिवळसर होतो, अशी त्याची एक तक्रार राहिली. ती खरी होती, आणि त्यावर आपल्याकडे इलाज नाही हे तिने सांगून टाकलं. पांढरा धागा निवडायचा तेवढा तो अकरा वाजता खिडकीशी जाऊन निवडू लागला.

दुपार आणि संध्याकाळ दिव्याखाली जायला लागली तशी त्याची सकाळ रिकामी झाली. उजेड वाया जाईल म्हणून तो कित्येक वर्षांत सकाळी घराबाहेर पडला नव्हता. आता न्याहारी झाली की तो काठी घेऊन निघायचा, नव्या इमारतीला वळसा घालून मोठ्या रस्त्यापर्यंत जायचा आणि तासाभराने घामाघूम होऊन परत यायचा.

"काय बघितलंत आज?" सून डबा भरता भरता विचारायची.

"त्या चौकातल्या बँकेचा पहारेकरी आहे ना," खुर्चीत बसत तो म्हणायचा, "त्याच्या कोपराशी विरलंय. अजून फाटलं नाही. पण फाटणार."