शुक्रवारची फेरी

मी एक जुना टेम्पो आहे. मित्रांनो, माझा पत्रा गंजला आहे; पण मी कोणाला कुठे सोडले, ते मला आठवते.

१९८६ साली मी भिवंडीत आलो. नारपोलीच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, सुताच्या गोण्या पोहोचवायच्या, हे माझे काम. शेलार गावचा अनंता माझा ड्रायव्हर. सगळे मला गुणी गाडी म्हणत.

गोण्या उतरवल्या की त्या राखायला नवशा बसे. तो तिशीचा होता, पण समज चार वर्षांच्या मुलाएवढी. शहापूरकडच्या त्याच्या भावाने त्याला लूमच्या गल्लीत आणून सोडले आणि तो भाऊ पुन्हा फिरकला नाही. अनंताने त्याला एकच गोष्ट शिकवली होती, "मी येईपर्यंत गोणीवरनं उठायचं न्हाय." नवशा उठत नसे. घरी बसून सुताच्या कांड्या भरणाऱ्या खदीजाआपा त्याला दोन वेळा जेवू घालत, त्याचा सदरा धुऊन रफू करत.

एका मे महिन्यात लूमचे मालक दाऊदशेठ यांच्या मुलीचे लग्न ठरले. गल्लीत मांडव पडला. नवशाला फेफरे येई, कधी कपड्यांचे भान राहत नसे. शुक्रवारी लूम बंद, म्हणून मी रिकामा होतो.

शेठ म्हणाले, "अनंता, उसको दूर छोड़ के आ. परत येता कामा नये."

"शेठ, आपलाच हाय तो."

"परवा पाहुणे येणार. त्यांच्यासमोर नाचवू त्याला?"

नवशाला ढकलावे लागले नाही. तो स्वतःच चढला. मांडववाले म्हणाले, "काय नवशा, वरातीला निघालास?" तो खूप हसला.

ऐंशी किलोमीटरवर, कसारा घाट चढून गेल्यावर अनंताने एक गोणी रस्त्याकडेला ठेवली. आत नुसत्या चिंध्या होत्या. "राख," तो म्हणाला. आम्ही निघालो तेव्हा नवशाने आमच्याकडे पाहिलेही नाही. तो गोणीकडे पाहत होता.

"भाऊ आला नि घेऊन गेला," अनंताने आपांना सांगितले. त्यांना बरे वाटले. धुतलेला सदरा त्यांनी अनंताकडे दिला, "शहापूरला गेलास की पोचव."

पुढच्या शुक्रवारी अनंता माझी काच पुसत होता. हाताला लागले ते फडके त्याने घेतले होते. आपांनी आपले रफूचे टाके ओळखले. त्या केबिनमध्ये चढून बसल्या.

"कुठे सोडलास?"

"आपा, डिझेल न्हाय."

"चल म्हणते ना."

नवशा तिथेच होता. चहाच्या टपरीवरची बाई त्याला चहा-पाव देत होती. येणारे-जाणारे खडे मारत होते. चौथ्या दिवशी एक ट्रक त्याच्या पायावरून गेला होता, कारण तो सरकला नाही. उन्हाळ्यात माशीने जखमेत घातलेल्या अंड्यांच्या एका दिवसात अळ्या होतात. त्या त्याच्या पायात होत्या.

अनंताला पाहून तो हसला. गोणीवर हात ठेवून म्हणाला, "हाय."

आपांनी टपरीतले पाणी कोमट करून घेतले आणि काडीने एकेक अळी काढली. दोन तास लागले. अनंता माझ्या मागे जाऊन ओकला. मग त्याने नवशाला उचलून माझ्यात ठेवले.

दवाखान्यात नेल्यावर पाचव्या दिवशी नवशा गेला. कागदावर नातेवाइकाच्या जागी आपांनी अंगठा उठवला. शेठच्या मांडवाचे बांबू तेव्हा मीच परत पोहोचवत होतो.

अनंताने ड्रायव्हरकी सोडली. माणसे लांब सोडून यायच्या माझ्या शुक्रवारच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. दुसरा ड्रायव्हर आला. नव्वद सालानंतर गावे वाढली तशी नवशासारखी, कोणालाच नको असलेली माणसेही वाढली. एकदा दोघांना घाटापलीकडे सोडून आलो, तर आमच्याच नाक्यावर दुसऱ्या कुठल्याशा गावच्या गाडीने तीन बायका उतरवून ठेवल्या होत्या.

मित्रांनो, मी यंत्र आहे. माझा ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली असतो. तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा तुम्हालाही कोणी भला माणूस हळू आवाजात सांगेल, "त्याला जरा लांब सोडून ये." तुमचे पाय तुमचे आहेत. जागचे हलू नका.