मोजलं की गुण जातो

आभाळ निळंशार होतं. ढगाचा ठिपकाही नव्हता. आणि झाडातून पाणी गळत होतं!

शंभर-सव्वाशे माणसं त्या एवढ्याशा रानाच्या मधल्या मोकळ्या जागेत सतरंज्यांवर माना वर करून बसली होती. कुणी हात पसरलेले, कुणी जीभ बाहेर काढलेली. एक चांगला शिकलासवरलेला गृहस्थ चष्म्यावर पडलेला थेंब बोटाने निपटून चाखत होता आणि डोळे मिटून मान डोलावत होता. मधल्या मोठ्या झाडाच्या बुंध्याशी वनवैद्य उभा होता. ही पदवी त्याला कुणी दिली नव्हती, त्याची त्यानेच घेतली होती. राखाडी झगा, पोटापर्यंत दाढी, आणि आवाज असा की पलीकडच्या शेतातली गुरंसुद्धा मान वर करून बघत होती.

"रान कुणासाठी रडतंय?"

"आमच्यासाठी!" माणसं ओरडली. वनवैद्याच्या चेल्याने बुंध्यावर लाकडी मोगरी हाणली. धप्प!

"रोग कुठला जातो?"

"साखरेचा!" धप्प!

"मग रक्त मोजायचं का?"

"मोजायचं नाही!" धप्प!

"मोजलं की?"

"गुण जातो!" धप्प, धप्प, धप्प! आणि वरून थेंबांची सर आली. बायका हुंदके द्यायला लागल्या.

धाकटी मात्र कोरडी ठणठणीत बसली होती. ती शहरातल्या एका प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासायचं काम करते, हे तिच्या थोरल्या बहिणीनेच मोठ्या भोळेपणाने आल्या आल्या वनवैद्याला सांगून टाकलं होतं. "मोजणारे डावीकडे!" असं म्हणून त्याने तिला पार पलीकडच्या टोकाला, उघड्या आभाळाखाली बसवलं. तिथे तिच्यासारखेच पाच-सहा संशयी जीव होते. ताई उजवीकडे, मोठ्या झाडाच्या फांदीखाली, "निर्मळ मनाच्या" सतरंजीवर बसली होती. तिच्या केसांवर थेंब चमकत होते आणि ती चक्क हसत होती. ताईला असं हसताना धाकटीने कैक महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

राग यायला कारण होतं. ताईने तीन दिवसांपासून इन्सुलिनची सुई बंद केली होती. नुसती सुई नाही, बोटातून रक्त काढून मोजणंही बंद. भावोजींनी हात टेकले, फोन करून धाकटीला बोलावून घेतलं. दोघी बहिणींची जुंपली. शेवटी ताईच म्हणाली, "तू माझ्याबरोबर चल. स्वतःच्या डोळ्यांनी बघ. तुला ते खोटं आहे असं दाखवता आलं, तर तिथल्या तिथे सुई घेईन. नाही दाखवता आलं, तर पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही. कबूल?"

धाकटी रागाच्या भरात कबूल म्हणून बसली होती. आता बोला!

सकाळी मिनीबसमधून येताना ताईने दोन बाटल्या पाणी संपवलं होतं. रानाच्या फाटकापासून पायवाटेने चालत येताना ओढ्यावरच्या लाकडी पुलाजवळ ती एकदा झुडपामागे जाऊन आली, मोकळ्या जागेशी पोचेपर्यंत आणखी एकदा. "उन्हाने गं," ती म्हणाली. वाटेवरची पाटी तिला वाचता आली नाही. "अक्षरंच पुसट आहेत." अक्षरं चांगली हातभर होती. साखर चढल्याची ही सगळी लक्षणं धाकटीला तोंडपाठ होती. तिच्या हातातल्या पिशवीत साखर मोजायचं यंत्र होतं, सुया होत्या, थंड डब्यात औषध होतं. सगळं हाताशी आणि काही उपयोग नाही!

ती उठली, बसली, पुन्हा उठली. घड्याळ पाहिलं. तिने झाडात कुठे नळी दिसते का, फांदीवर कुणी माणूस लपलाय का, सगळं निरखलं. काही नव्हतं. झाड खरंच गळत होतं. हेच तर तिला छळत होतं.

"ताई, अजून किती वेळ?" तिने लांबूनच विचारलं.

"चुळबुळ करू नकोस गं! लहानपणापासून मेलीला एका जागी बसता येत नाही." ताईने दटावलं आणि वनवैद्याने दिलेली बाटली तोंडाला लावली. बाटली फुकट होती बरं का! फक्त झाकणाचं काय ते द्यावं लागे.

धाकटी तरातरा पायवाटेने फाटकाकडे निघाली. फाटकाबाहेर, रानाच्या कुंपणाला लागून झाडांच्या सावलीत मिनीबस उभी होती. ड्रायव्हरकाका बोनेटवर गुडघा टेकवून पुढची काच घासत होते आणि तोंडाने शिव्यांची माळ चालू होती.

"काय झालं काका?"

"काय व्हायचं? सावली बघून गाडी लावली, आणि ही घाण! सकाळी कशी आरशासारखी काच केली होती. हे बघा, बोट चिकटतंय. गार पाण्याने निघायचं नाव नाही. शहरातल्या आमच्या स्टँडवर दोन झाडं आहेत ना, त्यांच्याखाली गाडी लावली की दर वर्षी या दिवसांत हीच कटकट. गरम पाणी लागतं बघा याला."

धाकटी काचेकडे बघत राहिली. काचभर बारीक बारीक थेंब वाळून चिकटले होते. वायपरच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती.

"काका, तुमच्या स्टँडवर कुणी सतरंज्या टाकून बसतं का हो?"

"कशाला बसेल? वेड लागलंय?" काका फडकं पिळत म्हणाले. "अहो, चिकटा आहे हा. ड्रायव्हर झालो म्हणून काय झालं, शेतकऱ्याच्या पोटी जन्मलोय मी. पिकावर मावा पडला की पानं अशीच चिकचिक होतात. किडा पानातला रस पितो आणि मागून गोड पाणी सोडतो. आमचा बाप फवारे मारून मारून थकला."

धाकटीने बोनेटवर चढून हाताशी येणारी फांदी खाली ओढली आणि एक पान उलटं केलं. पानाच्या पाठीवर हिरवट किड्यांची दाटी होती, बोट ठेवायला जागा नाही. एकेकाच्या शेपटाशी चकचकीत थेंब. तिच्या तोंडून "अगं आई गं!" एवढंच निघालं. मग तिने ती डहाळी मोडून घेतली, काकांच्या हाताला धरलं आणि म्हणाली, "चला. तुमच्याशिवाय हे व्हायचं नाही."

"अहो, काच अर्धी राहिलीय!"

"राहू द्या!"

मोकळ्या जागेत पुन्हा "मोजायचं नाही" चालू होतं. धाकटीने काकांच्या कानात काहीतरी सांगितलं. काका शिव्या द्यायचे थांबले, पण ओठ हलतच होते. तसेच ते फडकं खांद्यावर टाकून थेट निर्मळ मनाच्या सतरंजीवर जाऊन मांडी घालून बसले.

"ए, तू कोण?" चेला ओरडला.

"मी भाविक. मारा मोगरी."

चेल्याला सवयच ती. त्याने मारली. धप्प! काकांच्या टकलावर टपाटप थेंब पडले.

"घ्या!" काका टक्कल पुसत म्हणाले. "माझ्या मनात आत्ता काय चाललं होतं ते इथे बायकांसमोर सांगता येणार नाही. तरी रान माझ्यासाठी रडलं!"

मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. वनवैद्याचा चेहरा उतरला, पण असली माणसं एवढ्याने थोडीच हटतात! "रान दयाळू आहे," तो म्हणाला. "पाप्यावरही माया करतं."

"मग आपण या बाजूला येऊन बसा," धाकटी डावीकडच्या टोकाला उभी राहून म्हणाली. "तुमच्याहून निर्मळ कोण? इथे उघड्यावर एक थेंब पाडून दाखवा. मी हात जोडून माफी मागते आणि ताईला घेऊन रोज येते."

सगळ्या माना वनवैद्याकडे वळल्या. तो जागचा हलला नाही. "रानाची परीक्षा घ्यायची नसते!"

"ठीक आहे, रानाची नको. पाण्याची घेऊ." तिने पिशवीतून लघवीतली साखर तपासायच्या कागदी पट्ट्यांचा डबा काढला. "साखर असली की या पट्टीचा निळा रंग जाऊन ती तपकिरी होते. नसली तर निळीच राहते. ही बघा, माझ्या पिण्याच्या पाण्यात घातली." पट्टी निळीच राहिली. मग झाडाखालच्या चष्मेवाल्या गृहस्थाकडे जाऊन त्याच्या हातातली बाटली तिने मागून घेतली आणि दुसरी पट्टी आत बुडवली. गृहस्थ चष्मा सावरून बघत होता. पट्टी हिरवी झाली, मग मळकट झाली, आणि बघता बघता गडद तपकिरी.

"हे... हे साखरेचं पाणी आहे?" तो त-त-प-प करत म्हणाला. "मी दिवसाला सहा बाटल्या पितोय!"

"तिने मोजलं!" वनवैद्य कडाडला. "मोजलं म्हणून बिघडलं! मोजलं की गुण जातो, सांगितलं नव्हतं?"

आणि गंमत बघा, निम्म्या माना डोलायला लागल्या. धाकटीचा जीव नुसता तळमळला. इतकं डोळ्यांसमोर दाखवूनही! तेवढ्यात तिची नजर ताईच्या पायाशी ठेवलेल्या उघड्या बाटलीवर गेली.

"मग ह्या मुंग्यांनी काय मोजलं?" ती म्हणाली.

बाटलीच्या गळ्याभोवती मुंग्यांचं कडं पडलं होतं. लोकांनी आपापल्या बाटल्या पाहिल्या, सतरंज्यांच्या कडा उचलून पाहिल्या. जिकडेतिकडे मुंग्या. धाकटीने ती डहाळी पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीच्या हातात दिली. म्हातारी जवळच्याच वाडीतली, जन्म शेतात गेलेला. तिने पान उलटं केलं, बोट लावलं, बोटाला बोट चिकटवून पाहिलं, आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई, हा तर चिकटा! मावा पडलाय झाडावर. घरी पिकावर हा दिसला की मी रात्र-रात्र झोपत नाही, आणि इथे येऊन जीभ काढून बसतेय!"

तिच्या शेजारच्या शेतकऱ्यांनी माना खाली घातल्या. दर वर्षी पाठीवर पंप घेऊन ज्याच्यामागे हिंडायचं, त्याच किड्याचं पाणी त्यांनी महिनाभर डोळे मिटून प्यायलं होतं. शेतातली ती कीड आणि रानातलं ते देवाचं पाणी, एवढाच काय तो फरक त्यांनी केला होता. मोगरी मारली की पानांवर साचलेले थेंब खाली पडत, आणि बाटलीत त्यात ग्लुकोजचं पाणी घालून भर केली जाई. चेल्याने हे आपणहूनच कबूल केलं, कारण काकांनी मोगरी त्याच्या हातातून काढून स्वतःच्या हातात घेतली होती. तोवर वनवैद्य झगा सावरत शेताच्या बांधावरून लांब पोचला होता.

धाकटीने वळून पाहिलं, तर ताई जागेवर नव्हती.

ती ओढ्यावरच्या पुलावर सापडली. कठड्याला धरून उभी होती. धाकटी धापा टाकत जवळ गेली.

"वीस वर्षं गं," ताई म्हणाली. "वीस वर्षं रोज स्वतःला टोचतेय. पोटावर जागा उरली नाही. तू दुसऱ्यांचं रक्त काढतेस, स्वतःचं काढून बघ एकदा. त्याने मला सांगितलं, 'बाई, आता पुरे झालं.' एवढंच ऐकायचं होतं मला कुणाकडून तरी. तुम्ही सगळे नुसते, मोजलंस का, मोजलंस का..."

धाकटीला रडू फुटलं. "चुकलं माझं ताई. 'कशी आहेस' विचारायच्या ऐवजी मी आकडा विचारत राहिले. पण तू गेलीस तर मी कुणाशी भांडू?"

ताईने बोटाने तिचे डोळे पुसले. मग तिने हात पुढे केला. "कबूल केलं होतं ना? मोज."

धाकटीने ताईचं चिकट बोट पिण्याच्या पाण्याने धुऊन पुसलं आणि मोजलं, तर यंत्रावर चारशे अठ्ठ्याऐंशी आकडा आला. हवा होता दोनशेच्या आत! तिने लगेच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सुईचं माप सांगितलं आणि तडक दवाखान्यात आणायला बजावलं. ताईने सुई स्वतःच्या हाताने घेतली.

मिनीबसशी आल्या तर दारात ही गर्दी! तो चष्मेवाला, ती म्हातारी, आणखी वीस-पंचवीस जण. काका काचेवर ड्रायव्हरपुरतं भगदाड घासून गाडी चालू करून बसले होते.

चष्मेवाल्याने बोट पुढे केलं. "जरा माझंही मोजता का?"

"मला आत्ता थांबता येत नाही हो," धाकटी म्हणाली. "ज्यांना घेरी येतेय, तहान भागत नाहीये, त्यांनी गाडीत बसा. बाकीच्यांनी आजच्या आज दवाखाना गाठा. बंद केलेली औषधं डॉक्टरांना विचारून सुरू करा."

आठ-दहा जण मुकाट्याने चढले. ताई पायरीवर थांबली आणि मागे वळली. तिचा आवाज थकला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"उद्या दुसरा कुणीतरी येईल. झाड वेगळं असेल, बाटली वेगळी असेल. तो खरा का खोटा हे तुम्हाला-मला लगेच नाही कळायचं, मलाही नाही कळलं. पण तो 'मोजू नका' म्हणाला ना, की तिथून उठायचं. खऱ्या औषधाला मोजण्याची भीती नसते."

मग ती आत येऊन पुढच्या सीटवर बसली आणि धाकटीकडे हात केला. "पाणी दे. साधं."