बाईच्या नावावरची गाडी

विजेची तीनचाकी बाईच्या नावावर घेतली की सरकारचं अनुदान जास्त मिळायचं, म्हणून धाकट्या दिरानं ती वहिनीच्या नावावर घेतली. तिला साधी सायकलही येत नव्हती. त्यानं दाखवलं तिथं सही केली, गाडीला टेकून फोटो काढला, आणि दोन दिवस घरात "मालकीणबाई" म्हणून तिची थट्टा झाली. गल्लीनं मात्र नाकं मुरडली.

"आम्ही कर भरायचे आणि यांनी मिरवायचं," समोरची शिवणवाली म्हणाली. पण दीर मुलांना शाळेत सोडू लागला, तेही स्वस्तात, तशी तिचीच दोन नातवंडं सगळ्यांच्या आधी येऊन बसू लागली.

मग अनुदानाच्या तपासणीचं पत्र आलं. मालकिणीनं बॅटरीचा नंबर कळवायचा होता.

सकाळी लेकीची, चिऊची, एक वेणी घालून ती नंबर बघायला खाली उतरली. गाडी रात्रभर चार्जिंगला होती. तिनं मागची सीट उचलली. नंबराच्या जागी नुसता खरवडलेला पत्रा होता. बॅटरीचा डबा एका अंगानं फुगला होता, तापातल्या पोराच्या गालासारखा, आणि हाताला तसाच गरम लागत होता.

"वहिनी, कशाला हात घालताय त्यात?" दीर मागे येऊन उभा होता.

"आपली बॅटरी कुठंय?"

"विकली. हीपण चालतेच की! कागदावरचा नंबर कळवून टाका, कोण बघायला येतंय?"

"यात चिऊ बसते, भाऊजी."

"रोजच बसते. काय झालं तिला?" त्यानं सीट खाली दाबली.

तोवर मुलं येऊन कोंबून बसलीसुद्धा. चिऊ एका वेणीनिशी पार आतल्या कोपऱ्यात.

"उतरा रे सगळे! बॅटरी खराब आहे!"

"झाला का सुरू मालकिणीचा तोरा?" शिवणवाली दारातून म्हणाली. "सरकारनं काय न बघता पैसे दिले? एवढं मोठं स्टिकर लावलंय! बसा रे, उशीर होतोय."

बाकीच्या आया हसल्या. दिरानं किल्ली फिरवली. आवाज नाही, नुसता हिरवा दिवा लागला. ती पुढच्या चाकासमोर जाऊन उभी राहिली.

"गाडी माझ्या नावावर आहे. नाही जायची."

"वहिनी, चारचौघांत शोभा नको. बाजूला व्हा."

तेवढ्यात सीटखाली टच् झालं. कुणी बोट मोडावं तसं, बारीक. मग पुन्हा. पाठोपाठ गोडसर, घशाला लागणारा वास.

दिरानं किल्ली बंद केली. "उतरा," तो पुटपुटला. ती मागे धावली. दप्तरात दप्तर अडकलेलं, पायात पाय.

"आधी तू उतर," शिवणवालीचा नातू चिऊला म्हणाला.

"मी आत आहे ना!" चिऊ खिदळली. "आधी तू!"