खरवडलेला चेहरा

मी पार्लर बंद करायच्या बेतात होते, तेवढ्यात धाकट्या भावाची बायको दारात उभी राहिली. रुमालाने अर्धं तोंड झाकलेलं.

"ताई, पटकन एक स्क्रब करून द्याल? जरा जोरात. खोलवर जाईल असा."

दिवसभर उभं राहून माझ्या पायांचे तुकडे पडले होते. लोकांना वाटतं, पार्लर म्हणजे नुसतं क्रीम फासायचं काम. पण घरचं माणूस, नाही कसं म्हणणार? म्हटलं, "बस. रुमाल काढ."

तिनं रुमाल काढला आणि माझं डोकंच सणकलं. गाल लालबुंद, नाकाच्या कडेला साल सुटलेली, हनुवटीवर बारीक खपली. मी ओला कापूस नुसता टेकवला तर बाई खुर्चीतून उडाली.

"अगं, पाणी आहे ते!"

"माहितीये. आजकाल पाणीही चुरचुरतं."

"लावतेस काय तोंडाला?"

"काही नाही."

हे उत्तर मला रोज मिळतं. 'काही नाही' म्हणणाऱ्यांच्या पिशवीत निम्मं दुकान असतं. मी हात पुढे केला. तिनं गुपचूप पिशवी दिली.

ती एका मोठ्या दुकानात सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर उभी असते. गिऱ्हाइकांना दाखवायला फोडलेल्या बाटल्या अर्ध्या झाल्या की कामावरच्या मुली घरी नेतात. पिशवीत दाणेदार स्क्रब निघाला, साल काढणारं ॲसिडचं टोनर निघालं, वर रात्री लावायची सुरकुत्यांची क्रीम. तिन्ही एकाच तोंडावर, तेही रोज.

"गिऱ्हाइकाला काय सांगतेस गं तू?"

ती पाठ म्हटल्यासारखी म्हणाली, "आठवड्यातून एकदा पुरे. बोटांच्या टोकांनी, हलक्या हातानं. स्क्रब आणि ॲसिड एकत्र नको. आधी कानामागे लावून बघा. कातडी सोललेली असेल तर हातच लावू नका. बाहेर पडताना सनस्क्रीन."

"मग स्वतःच्या वेळेला अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

तिचे डोळे भरले. "काउंटरवर भिंगाचा आरसा आहे, ताई. दिवसभर समोर. साहेबीण म्हणाली, असं मरगळलेलं तोंड बघून आपली क्रीम कोण घेईल? सोमवारी तजेला दिसला नाही तर गोदामात पाठवते. तिथली पाळी पहाटेची. तेव्हा ठकीला कोणाकडे टाकू? म्हणजे नोकरीच सोडायची."

ठकी म्हणजे तिची वर्षाची पोर. दिवसा पाळणाघरात गुणी बाळ, रात्री घर डोक्यावर.

"तजेला घासून यायला तोंड म्हणजे काय करपलेलं पातेलं आहे? झोपतेस किती?"

"ठकी झोपू देईल तेवढं."

"आणि आमचे बंधुराज?"

"त्यांना सकाळी कामावर जायचं असतं ना."

"आणि तू काय सहलीला जातेस?"

ती हसली. हसताना ओठाच्या कडेची चीर ताणली तसा तिचा चेहरा कसनुसा झाला.

स्क्रब मी केलाच नाही. थंड ओलं फडकं ठेवलं, बिनवासाचं साधं मलम थापलं. म्हटलं, "आता हे सगळं बंद. साध्या पाण्यानं धुवायचं, टिपायचं, चोळायचं नाही. कमी झालं नाही तर सरळ त्वचेच्या डॉक्टरकडे."

उत्तर आलं नाही. बघते तर बाई खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेली. इतकी गाढ, की मला खरंच रडू आलं. मग भावाला फोन लावला.

"तुझी बायको रविवारपर्यंत माझ्याकडे राहणार. ठकीला सांभाळ."

"ताई, मला कसं जमेल? ती रात्रभर उठते!"

"अरे वा! म्हणजे माहितीये की तुला."

रविवारी संध्याकाळी तो आला. खांद्यावर ठकी, शर्टावर तिची लाळ, दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. आल्या आल्या आरशासमोरच्या खुर्चीत कोसळला.

"ताई, तोंडाला काहीतरी लाव गं. उद्या कामावर हे थोबाड घेऊन कसा जाऊ?"

पार्लरच्या मागेच माझं घर. भावजय आतून बाहेर आली. नाकाजवळची साल अजून होती, गालही लालच होते, पण डोळे कसे टक्क उघडे होते. आरशात त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "तुम्ही जा बिनधास्त. तुम्हाला कोणी गोदामात नाही टाकणार."

"कसलं गोदाम?"

घरी तिनं सांगितलंच नव्हतं. आता सगळं सांगितलं. साहेबीण, आरसा, पहाटेची पाळी, ठकीचं काय ते.

"पण पहाटे मी घरीच असतो की," तो म्हणाला.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. बाईनं तोंड खरवडून काढलं, पण हे तिच्या डोक्यात आलं नाही. आणि मी एवढी शहाणी, माझ्याही नाही.

ठकी किरकिरली. भावजयीनं सवयीनं हात पुढे केले.

"राहू दे," तो म्हणाला, आणि कण्हत कुंथत उठून पोरीला घेऊन येरझाऱ्या घालू लागला.