सरपणाआडची सोलर प्लेट

मित्रांनो, लाकडी भिंतीला खिळलेली, कडांना ओरखडे पडलेली एक जुनी सोलर प्लेट तुमच्याशी बोलते आहे. माझी कहाणी ऐकून तुम्हाला हसू येणार नाही, हे आधीच सांगते.

मी कारखान्यात घडले, पण माझा खरा जन्म पार उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात, कायानी गावातल्या एका दुकानात झाला, असंच मी मानते. कारण तिथे मला ताइमीने निवडलं. ती आणि तिचा नवरा रेइनो तळ्याकाठी राहायचे. तिथवर विजेचे खांब पोचलेच नव्हते.

दुकानदार एका भल्यामोठ्या, चकचकीत प्लेटवर हात ठेवून म्हणाला, "बाई, ही घ्या. जूनमध्ये धो धो वीज देईल."

"जूनमध्ये इथे मध्यरात्री पेपर वाचता येतो," ताइमी म्हणाली. "मला दिवा डिसेंबरात लावायचाय. मळभात कोणती जागी राहते ते दाखवा."

"झालं!" रेइनो पुटपुटला. "आता दुकान बंद होईपर्यंत आपण इथेच."

ताइमीने खरोखरच आम्हा सगळ्यांना बाहेर झिमझिम पावसात ठेवायला लावलं. त्या मोठ्या प्लेटला जोडलेल्या मीटरचा काटा जागचा हलेना. मी लहान, पण मंद उजेडातही काम करावं अशीच माझी घडण, म्हणून माझा काटा सरकला. "हीच," ताइमी म्हणाली. त्या दिवशी मला काय वाटलं ते कसं सांगू!

मला बसवायला तळ्यापलीकडचा शेजारी इल्मारी आला. तो शिडी घेऊन थेट छपराकडेच निघाला.

"छपरावर नको," ताइमीने अडवलं. "तिथे बर्फाची गादी बसेल. दक्षिणेच्या भिंतीवर सरळ उभी लाव. डिसेंबरातला सूर्य डोक्यावर येतोय कुठे? तो झाडांच्या शेंड्यांवरून सरपटत जातो. त्याच्या समोरासमोर राहू दे तिला. बर्फावरून उसळलेला उजेडही मिळेल."

"भिंतीवर टांगायला हा काय लग्नातला फोटो आहे?" इल्मारी पोट धरून हसला. पण त्याने मला लावलं.

ताइमीचा हिशोब बरोबर होता. कडाक्याच्या थंडीत मला उलट हुशारीच येते. कितीही अंधारे दिवस असोत, रोज संध्याकाळी तळ्याकडच्या खिडकीत दिवा लागायचा आणि पलीकडे इल्मारीच्या घरात त्याला उत्तर मिळायचं. दिवा लागला म्हणजे घरचं सगळं ठीक. त्या लोकांत कारणावाचून कुणाच्या दारात जायची रीत नाही, म्हणून हा दिवाच त्यांचं येणंजाणं होता. रेइनो सकाळी मऊ झाडूने माझ्यावरचं गोठलेलं दव झाडायचा आणि म्हणायचा, "शाब्बास गं पोरी!"

मग एका वसंतात रेइनो वारला. ताइमीची कंबर धरलेली, तिला लाकूड फोडवेना. शरदात शेजारी तालकोतला जमले. तालकोत म्हणजे सगळ्यांनी मिळून एखाद्याचं काम फुकट उरकायचं. त्याचे पैसे द्यायचे नाहीत आणि कामाला नावंही ठेवायची नाहीत. ताइमी आत वाटाण्याचं सूप ढवळत होती, वेलदोड्याचे पाव भाजत होती. बाहेर सरपणाची थप्पी चढत होती. दक्षिणेची भिंत कोरडी आणि उन्हाची, म्हणून थप्पी तिथेच! माझे पाय झाकले गेले, मग छाती, मग सगळी मीच. मी ओरडणार कशी?

ताइमी हात पुसत बाहेर आली आणि थबकली.

"बघ, कशी मापात लावलीय!" इल्मारी छाती फुगवून म्हणाला. "आणि त्या पाटीची काळजी नको करूस. हिवाळ्यात काय कामाच्या असतात या? आमची छपरावरची नाही का, बर्फाखाली झोपते ती वसंतातच उठते! तोवर आम्ही जनरेटर चालवतो."

ताइमीने त्यांच्या फोडांनी भरलेल्या तळव्यांकडे पाहिलं. "छान झालंय," ती म्हणाली. "चला, सूप गार होतंय."

सगळे गेल्यावर तिने लाकडांच्या फटीतून हात घालून माझी चौकट चाचपली. "रागावू नकोस गं. दिवसभर राबलेत बिचारे. आत्ता हलवलं तर त्यांच्या मनाला लागेल. मी वरूनच एकेक काढून चुलीत जाळत येते. होशील आपोआप मोकळी."

आणि ती जाळत आली. एकेक ओंडका. इकडे बॅटरी उतरत गेली. फोन बंद पडायच्या आधी तिने इल्मारीच्या बायकोला, केर्त्तूला, सांगितलेलं मी ऐकलं. "दिवा दिसला नाही तर घाबरू नका गं. वीज जपतेय जरा." खरं कारण तिने सांगितलं नाही. अगं बाई, का नाही सांगितलंस?

माझी वरची पट्टी उघडी झाली, तेव्हा मला वाटलं, सुटले! पण मित्रांनो, माझ्या अंगातल्या पेशी एकमेकींना बांधलेल्या आहेत. खालच्या अंधारात असल्या की वरच्यांचं काही चालत नाही. माझ्या कपाळावर ऊन पडत होतं आणि खिडकीतला दिवा विझलेलाच होता.

त्या दिवशी ती वरचं लाकूड काढायला टाचा उंचावून उभी राहिली. पायाखाली बर्फ होता. ती पडली, ती माझ्यासमोरच. तिला उठता येईना. एप्रनमधला फोन मेलेला. "इल्मारी!" तिने हाक मारली. "केर्त्तू!" तळं मोठं आहे हो. हाका बारीक होत गेल्या. मग नुसती शांतता राहिली.

इल्मारी आला तो फार उशिरा, धुराड्यातून धूर दिसेना म्हणून. बर्फावर गुडघे टेकून त्याने तिच्या अंगावर आपला कोट घातला. मदतवाल्यांना फोन केला. मग त्याची नजर वर गेली. माझी उघडी पट्टी, वरून कमी होत आलेली थप्पी. त्याला सगळं कळलं.

"अगं, बोलायचं होतंस!" तो किंचाळला. "एक शब्द बोलायचं होतंस! दिवा नाही हे मी रोज बघत होतो. म्हटलं, उगाच कशाला तिच्या दारात जायचं..."

तो उघड्या हातांनी ओंडके उपसून फेकू लागला, रडत, स्वतःला शिव्या देत. मी पूर्ण मोकळी झाले. स्वच्छ आकाश होतं, बर्फ लखलखत होता. मी जीव तोडून वीज पाठवली. तिथे दुपारीच तिन्हीसांज होते, आणि त्या संधिप्रकाशात, बटण चालूच राहिलेला खिडकीतला दिवा लागला.

इल्मारीचा फोन वाजला. केर्त्तूचा आनंदी आवाज मला भिंतीवर ऐकू आला. "इल्मारी, दिवा लागला! मला सारखी हुरहूर लागली होती रे. तिला म्हणावं कॉफी टाक, मी पाव घेऊन निघालेच!"

इल्मारीने फोन खाली ठेवला आणि ताइमीच्या अंगावरचा कोट तिच्या चेहऱ्यावर ओढला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा न पुसा, मी काम करत राहीन. पण कुणाला मदत कराल तेव्हा आधी त्यालाच विचारा. आणि तुमचं काही अडत असेल तर तोंड उघडून सांगा, समोरच्याचं मन दुखावलं तरी सांगा. दुखावलेलं माणूस चार दिवस रुसतं आणि परत येतं. माझी ताइमी परत आली नाही.