अर्धा टक्का

आमच्या पतसंस्थेच्या युसूफ वडगाव शाखेचा मी मॅनेजर. शिपाई पण मीच, कारण शिपायाला दिवाळीतच घरी बसवलं. मी एम.ए. अर्थशास्त्र, वर्गात पहिला. वर्गात आमी तिघंच होतो, हे मी कुणाला सांगत न्हाई.

जानेवारीत केजच्या हेडऑफिसातून साहेबांचा फोन आला. "मार्चपर्यंत वीस लाख कर्ज वाटा, न्हाईतर शाखा बंद. तुमी पण घरी." धंद्याच्या कर्जाचं व्याज बारावरून सहावर आणलं होतं, सहावरून तीनवर. कुणी फिरकलं न्हाई. मग मी शहाणपणा केला. साहेबांच्या हातापाया पडून ते अर्ध्या टक्क्यावर आणलं आन् सोता पाटी रंगवली. पैसा जवळपास फुकट म्हणल्यावर झुंबड उडणार, असं पुस्तकात शिकलेलो. रांगेसाठी दारात दोरी पण बांधली. आठ दिवसांत शेजारणीनं तिच्यावर साड्या वाळत घातल्या.

शेवटी इज्जत गुंडाळून ठेवली आन् स्टँडवर सुंदरबाईच्या चहा-भज्याच्या हाटेलात गेलो.

"मावशी, दोन लाख घ्या. फ्रीज आणा, टेबलं वाढवा. व्याज न्हाईच म्हणा."

"आन् त्यावर बसवू कुणाला? निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यावर गेलंय. हायेत ती टेबलं रिकामी."

"येतील की एप्रिलात."

"आल्यावर त्यांच्या खिशात काय असंल, पाऊस कसा व्हईल, कुणाला ठावं? व्याज न्हाई, पर मुद्दल तर फेडायचंच ना?"

मी तिला मागणी, गुंतवणूक, रोजगार असं सगळं रामायण ऐकवलं. ऐकवता ऐकवता प्लेटभर भजी खाल्ली. तिनं निवांत ऐकून घेतलं.

"इतकं चांगलं हाय तर तुमी किती घेतलं?"

आमच्या घराला दोन वर्षं झाली, गिलावा न्हाई. माझी बायको रोहिणी त्यावरून रोज टोमणे मारती. आन् स्टाफला पण दर तोच, अर्धा टक्का.

"मी... न्हाई घेतलं."

"कावून?"

"नोकरीचं काय खरं हाय, मावशी? मार्चनंतर हप्ता कुठून भरू?"

तोंडातून निघून गेलं आन् लई लाज वाटली. सुंदरबाई हसली न्हाई, तेच जास्त लागलं. मी उठलो आन् भज्याचे पैसे द्यायला खिशात हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणली. "नोकरी टिकली तर द्या."