सहा विधवांचा नवरा

"डगला मिळायचा न्हाई!" मी दारात हात आडवा घातला.

समोर सेगुंदो टोपी काढून उभा, मागं लिसार्दो आणि आणखी चौघं. वर्षाचा शेवटचा दिवस, बटाट्यात गुडघाभर तण माजलेलं, आणि ह्या घोड्यांना माझ्या बापाचा पांढरा डगला हवा होता. दरसाल गावात जुन्या वर्षाचं बुजगावणं करतात, दिवसभर मिरवतात आणि शेवटी जाळतात. यंदा त्यांनी माझा बाप निवडला होता. आबदोन, दवाखान्याचा नर्स. मार्चमध्येच गेला.

"माझ्या बापाला जाळनार व्हय रं तुमी?"

"आगं पोरी, मान असतुया त्यो," सेगुंदो म्हणाला. "गेल्या साली महापौराचं केलं. किती खूश झाल्ता!"

"त्यो जित्ता हुता!"

सेगुंदोनं डोकं खाजवलं. "त्ये बी खरंच म्हना," म्हणाला आणि सगळे डगल्याशिवायच निघून गेले; बेत मात्र त्यांनी सोडला नव्हता.

मला धास्ती होती ती आईची. बाप गेल्यापासून तिनं त्याचं नाव काढलं नव्हतं की डोळ्यातून टिपूस गाळलं नव्हतं. कुणी आबदोन म्हटलं की ती उठायची आणि चुलीमागं पाळलेल्या कुईंना, त्या गिनीपिगांना, गवत घालत बसायची. खाऊन खाऊन त्या कुई मांजराएवढ्या झाल्या होत्या. आता हे बाप्ये रीतीप्रमाणं काळे झगे घालून त्याच्या 'विधवा' होणार, रस्त्याला दोर बांधून गाड्या अडवणार आणि गळे काढून चिल्लर मागणार. आईनं ते पाहिलं तर तिचं काय होईल?

दुपारी घेवड्याच्या वावरात आई दिसेना, तशी मी रस्त्याकडं पळत सुटले.

खुर्चीवर बुजगावणं बसवलेलं. अंगात पिठाचं पोतं, हातात सुई म्हणून सायकलचा पंप. भोवती सहा विधवा. लिसार्दोनं बायकोचे मोजे चढवलेले, मिशी तेवढी तशीच. सेगुंदोनं पोटात उशी खुपसलेली.

"आबदोन, कुठं रं गेलास!" लिसार्दोनं टाहो फोडला. "आता माझं ढुंगान कोन बघंल!"

"तुझं एकलीचंच बघत हुता व्हय गं, सटवे? सगळ्या गावाचं बघितलंय त्यानं!" सेगुंदो छाती पिटत ओरडला.

आणि समोर आई उभी. सेगुंदोची उशी घसरून पायात पडली.

आईनं बुजगावण्याला खालवर न्याहाळलं. "ह्यो कोन?"

"आ... आबदोनभाऊ, वैनी," सेगुंदो पुटपुटला.

"असलं पोट त्याला कवा हुतं? चौतीस वर्सं डोंगर चढून टोचत फिरला त्यो." तिनं पोत्यात हात घालून भसाभसा भुसा बाहेर काढला. "पंप डाव्या हातात दे. डावखुरा हुता. आन् हे पोतं कशापायी? जा गं, त्याचा डगला आन."

"आई, जाळतील त्यो!"

"मग काय खुंटीवर टांगून त्याच्याशी बोलत बसू? जाऊ दे त्याला नीट कापडात."

मी डगला घेऊन परतले तर आई सगळ्यांना फैलावर घेत होती. "असं रडत्यात? गाढवं बरी!"

"मग कसं, वैनी?" लिसार्दोनं चाचरत विचारलं.

आईनं डोक्यावरून शाल ओढली आणि रस्त्यातच बसकण मारली. "आबदोन! बाप्या असून दुसऱ्यांची घान उचलतुया म्हनून लोकं हसली रं तुला! माझा बाप लगीन मोडाया निघाल्ता, आन् त्योच अंथरुनाला खिळला तवा सात म्हैने त्याचं गू-मूत तूच काढलंस!" तिचा आवाज चिरकला. "आन् मला ताप आला की म्हनायचास, थांब, आधी वरची वाडी बघून येतो! चौतीस वर्सं मी रांगेत शेवटची!"

आणि आई रडली. नऊ महिन्यांचं एकदम रडली. मला वाटलं होतं आता ती मोडणार, पण तिला असं रडताना पाहून मलाच हायसं वाटलं.

लिसार्दो खाली बसला. "माझ्या थोरलीला खेचरावर घालून नदीपार नेलं त्यानं," म्हणाला आणि मोजे गुडघ्याशी गोळा करून खरंच हुंदके देऊ लागला.

"सुई टोचताना मला कोंबड्या मोजाया लावायचा," सेगुंदो स्फुंदत म्हणाला. "तीन म्हनलं की टोचायचा. माझ्याकडं दोनच हुत्या. तरी बी टोचायचाच!"

तेवढ्यात दोराशी बटाट्याचा एक ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हर परगावचा. सात विधवा रस्त्यात बसून ऊर फुटेस्तोवर रडतायत, सहांच्या गालावरची लाली मिशीत उतरलीय. तो खिडकीतून बघतच राहिला. हातातली नाणी कुणाला द्यावी त्याला कळेना.

"ह्यातली खरी बायकू कोन हाय?" त्यानं बिचकत मला विचारलं.

आईनं शालीत नाक पुसलं.

"कुनालाबी दे, बाबा," ती म्हणाली. "समद्या त्याच्याच हायती."